डावी बाजू ठीक

हिबिनो शोकिचिचा हात सवयीने वर गेला, तर्जनी ताठ झाली, ओठ हलायच्या बेतात आले, आणि हात तसाच हवेत राहिला. समोर बोट दाखवायला काही नव्हतं. शंभर मीटर रुंदीच्या त्या रस्त्याच्या मधोमध काल-परवापर्यंत हिरवळ होती, बाकं होती, एक जुनं कापराचं झाड होतं. तिथे आता दोन पुरुष उंचीचे पांढरे पत्रे या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे होते, आणि पत्र्यांमागे एक यंत्र कुणी म्हातारं न थकता खोकत असावं तसं घरघरत होतं. काल-परवा कसलं, दीड महिना झाला होता. वर्षअखेरीला त्याने न्यूमोनियाने अंथरूण धरलं ते आज पहिल्यांदा बाहेर पडला होता, नुइने विणलेला गळपट्टा तीन वेढे घालून, उदबत्त्या आणि तांदळाचं उइरो आणायचं निमित्त करून. इबुकी डोंगरावरून येणारा वारा कानात सुया टोचत होता. एका कानाने तो तसाही अधूच; त्याच कानाने त्याला सैन्यातून वाचवलं होतं. कोपऱ्यावर उभी असलेली एक बाई त्याच्या ताठ हाताकडे बघून थांबली आणि म्हणाली, "साकाएचं स्टेशन शोधताय का? ते खाली आहे हो. तो जिना उतरा." त्याने हात खाली घेतला, कमरेत वाकून आभार मानले, आणि बाई जाईपर्यंत खरोखरच जिन्याच्या दिशेने चार पावलं टाकली, तिच्या मदतीचा अपमान नको म्हणून.

तीस वर्षं ट्राम हाकली त्या हाताला पेन्शन कळत नव्हती. ड्रायव्हरने नुसतं बघून चालत नाही. पांढरा हातमोजा घातलेलं बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, सिग्नल हिरवा, पुढे मोकळं, डावी बाजू ठीक. डोळ्यांनी बघितलेलं बोटाने पक्कं करायचं, बोटाने पक्कं केलेलं तोंडाने वदवायचं, म्हणजे मन भलतीकडे असलं तरी माणूस ठिकाणावर राहतो. शिकाऊ असताना शोकिचिला हे देवळातल्या नामासारखंच वाटलं होतं. मन लागो न लागो, जीभ हलवत राहायची. पलीकडचा अमिदा बुद्ध ते ऐकून घेतो. आणि मागे कंडक्टर. दोरी ओढून दोन घंटा दिल्या की निघायचं, एक दिली की थांबायचं. चिन् चिन्, निघा. चिन्, थांबा. ड्रायव्हरने कंडक्टरला का म्हणून विचारायचं नाही. लढाईच्या वर्षांत पुरुष कमी पडले तेव्हा मुली कंडक्टर झाल्या. त्यातली एक नुइ. लग्नाआधी सात महिने तो तिच्या घंटेवर निघत होता आणि तिच्या घंटेवर थांबत होता, आणि एवढ्या काळात दोघं मिळून वीस वाक्यंही बोलली नसतील. लग्नानंतरही घरात ती भाषा राहिली. जेवण तयार झालं की ती ताटलीवर जेवायची काडी दोनदा वाजवायची. तो जास्त प्यायला लागला की पेल्यावर एकदा.

त्या रस्त्यावरून गाडी जायची तेव्हा चौकातल्या थांब्याच्या ओट्यावरून निघाल्यावर हँडल चौथ्या खाचेवर न्यायचं, सात मोजायचे, तारेचा तिसरा खांब डावीकडून मागे सरकायला लागला की त्याच्या मुळापासून दोन हात पलीकडे. ती जागा. तिथे त्याचं बोट जायचं आणि ओठ हलायचे. मियो. अकरा महिन्यांची मियो, शोवा विसाच्या, म्हणजे लढाईच्या शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीत डांग्या खोकल्याने गेलेली, चहाच्या डब्याएवढ्या मडक्यात मावलेली. रस्ता तेव्हा नव्हता. तिथे देऊळ होतं, देवळामागे दाटीवाटीने कबरी होत्या, आणि पोरांच्या कबरींची रांग अगदी कडेला, ट्रामच्या रुळांना लागून होती. तिला पुरलं तेव्हा नुइ म्हणाली होती, "बरं झालं, रुळाशेजारी जागा मिळाली. रोज बाबांची गाडी ऐकेल." महिन्याभरात आकाशातून आग पडली आणि देऊळ गेलं, गल्ल्या गेल्या, दगड तेवढे काळे होऊन उभे राहिले. मग लढाई संपली आणि शहर म्हणालं, आता रस्ते एवढे रुंद करायचे की आग या बाजूची त्या बाजूला जाऊ नये. त्यात वावगं काय होतं? कुणीच वावगं म्हटलं नाही. शहरातल्या सगळ्या देवळांच्या कबरी उचलून पूर्वेच्या टेकड्यांवर न्यायचं ठरलं. जिवंतांना रस्ता, मेलेल्यांना टेकडी.

रोज तो इथे कशाला येतो हे नुइला माहीत नव्हतं. पाय मोकळे करायला, एवढंच. त्याच्या मार्गावरची ट्राम बंद होऊन सहा वर्षं झाली होती. आधी रूळ निघाले, मग ओटे, मग तारा, शेवटी खांब. खांब काढले त्या आठवड्यात त्याने त्या कापराच्या झाडाची खूण धरली. पायी चालताना सात मोजून जागा सापडत नाही. जागा पायांना ठाऊक नव्हती, ती चौथ्या खाचेला ठाऊक होती, त्या वेगाला, तळव्यांतून येणाऱ्या त्या थरथरीला. माणसाला आपलं घर झोपेत सापडतं आणि जागेपणी हरवतं, तसं. म्हणून झाड. झाडापासून दक्षिणेला नऊ पावलं. आणि आता झाडही नव्हतं.

पत्र्यांच्या फटीला त्याने डोळा लावला. आत जमीन नव्हती. खड्डा होता, एवढा खोल की तळाशी उभा असलेला माणूस बाहुलीएवढा दिसत होता.

"अहो आजोबा, आत काय बघताय? आत बायका नाचत नाहीयेत," मागून आवाज आला. हातात लाल झेंडी, डोक्यावर पिवळी टोपी, ट्रक आत-बाहेर सोडणारा राखणदार. त्याचे स्वतःचे केस कापसासारखे पांढरे होते.

"आजोबा कुणाला म्हणतोस? तुझे दात मोजू का?"

"मोजा की. पाच आहेत. त्यातला एक माझा नाही." राखणदार हसला. "लांब व्हा जरा, ट्रक येतोय. वारा बघा कसलाय, वर्तमानपत्र पोटाला गुंडाळून आलोय मी."

"इथे काय चाललंय?"

"दुकानं होणारेत खाली. जमिनीखाली अख्खी पेठ. वर पुन्हा बाग करणार म्हणे, कारंजी वगैरे. आपण बघायला असलो तर."

"आणि माती?"

"कुठली माती?"

"ही. उकरलेली."

"ती बंदरावर जाते. समुद्रात भर घालतात. हे सगळं," झेंडीने त्याने खड्डा दाखवला, "आता पाण्यात आहे."

शोकिचि ट्रककडे बघत राहिला. मागच्या फळीतून करडा-निळा चिखल डोकावत होता. "वरची माती?" त्याने विचारलं. "अगदी वरची. पुरुषभर खोलीची."

"ती तर पहिल्याच महिन्यात गेली. काही हरवलंय का तुमचं?"

नाही म्हणायला त्याला एक क्षण उशीर झाला. राखणदाराने तो उशीर ओळखला असावा. त्याच्या वयाच्या माणसांना या शहरात असले उशीर ओळखता येतात. ट्रक थांबवून ड्रायव्हरला त्याने एक हात वर केला, फळीवरचा चिखलाचा गोळा झेंडीच्या काठीने पाडला आणि म्हणाला, "घ्या. कुंडीला छान आहे." शोकिचिने रुमाल पसरला. चिखल ओला, थंड, गुळगुळीत होता. चौकातल्या बाकावर बसून त्याने तो बोटांनी फोडला तेव्हा आत एक शिंपली निघाली, नखाएवढी. इतक्या खोल माणूस कधी गेलाच नव्हता. इथे शहर नव्हतं, देऊळ नव्हतं तेव्हाच्या समुद्राचा तळ होता तो. या चिखलात कुणाचंही मूल कधी निजलेलं नव्हतं. त्याने रुमाल झाडला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि उइरो घ्यायचं विसरून घरी आला.

श्राद्धाचा रविवार चार दिवसांवर आला होता आणि त्याला मियोचं काहीतरी हवं होतं. काहीही. त्या जागेची चिमूटभर माती चालली असती. कारण नुइने ठरवलं होतं. तो आजारी पडायच्या आधीच एका सकाळी तांबड्या मिसोचं कढण वाढता वाढता ती म्हणाली होती, "अहो, ऐकलंत का? येत्या फेब्रुवारीत तेहतिसावं. यापुढच्या श्राद्धाला आपण दोघं असू नसू. मियोचं एखादं हाड क्योतोला नेऊ या. मुख्य देवळात, आद्यगुरूंच्या पायाशी ठेवू. माझ्या आईचं नेलं, तुमच्या बाबांचं नेलं. पोरीचंच तेवढं राहिलं."

"बाळाचं हाड ते. आता काय उरलं असणार?"

"कणभर तरी असेल की. तुम्हीच तर स्वतःच्या हाताने भरलंत."

तो कढण प्यायला. त्यात शिंपल्या होत्या, त्या त्याने एकेक करून वाटीच्या कडेला लावल्या. स्वतःच्या हाताने भरलंत. हे वाक्य ती अठ्ठावीस वर्षं म्हणत आली होती, आल्या-गेल्याला, टेकडीवर शेजारची कबर धुणाऱ्या बायकांना. मी तेव्हा छातीच्या दुखण्याने माहेरी पडून होते ना, सगळं यांनी एकट्याने केलं, एकट्याने हाडं वेचली. आणि त्या बायका त्याच्याकडे बघून मान लववायच्या. प्रत्येक वेळी तोही लववायचा.

शोवा चोवीसच्या नोव्हेंबरातली ती सकाळ होती. देवळाने चिठ्ठी पाठवली होती, सकाळी दहा वाजता तुमच्या रांगेचं काम आहे, घरच्यांनी नवं मडकं घेऊन यावं. त्याने ओचिआइ नावाच्या सोबत्याशी पाळी बदलून घेतली होती. सकाळी निरोप आला, ओचिआइला ताप भरलाय. फोरमन ओझाकि डेपोच्या दारात उभा होता, पाळीचा तक्ता हातात, आणि म्हणाला, "हिबिनोसान, गाडीला माणूस नाही. जमेल ना?" ओझाकिची बायको, आई आणि दोन्ही मुलगे एकाच रात्रीच्या आगीत गेले होते, त्यांचं वेचायला काही राहिलंच नव्हतं. त्या माणसासमोर अकरा महिन्यांच्या एका पोरीच्या मडक्याचं नाव कसं काढायचं? प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतं. आपलंच तेवढं मांडून इतरांची अडचण करायची नसते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तो त्यातच वाढला होता. "जमेल," तो म्हणाला. आयुष्यात त्याने उच्चारलेल्या सगळ्या शब्दांत हा एकच शब्द त्याला दिसायचा. बाकीचे ऐकू यायचे. हा दिसायचा, डेपोच्या दारात, त्याच्या तोंडातून निघालेल्या वाफेसकट.

पहिल्या खेपेला दहा वाजून सहा मिनिटांनी तो तिथून गेला. पुरोहित मंत्र म्हणत होते, डोक्याला पांढरे पंचे बांधलेले मजूर कुदळी टेकून उभे होते, माणसं गुडघ्यांवर बसून लांब काड्यांनी मातीतून काही वेचत होती. त्याची रांग अजून शाबूत होती. दुसऱ्या खेपेला, अकराला, मजूर त्याच्या रांगेपाशी आले होते आणि पुरोहित रस्त्याकडे बघत होते. कुणाची तरी वाट बघत होते. त्याचं हँडल चौथ्या खाचेवर होतं. उजवा हात ब्रेकवर होता. ब्रेक ओढायचा, दार उघडायचं, उतरायचं, चार पावलं. गाडीत साठएक माणसं होती, कुणी कामावर निघालेलं, कुणी दवाखान्यात. मागून दोन घंटा आलेल्या होत्या. चिन् चिन्, निघा. तिसऱ्या खेपेला, बाराच्या पुढे, रांग नव्हती. जमीन सपाट झाली होती आणि एक मजूर तिच्यावर उभा राहून डबा खात होता.

पाळी संपल्यावर तो धावत गेला. पुरोहित म्हणाले, "दुपारपर्यंत थांबलो हो हिबिनोसान. ज्यांचं कुणी आलं नाही त्यांचं सगळं एकत्र करून बेवारशांच्या ढिगात पाठवलं. ते सगळे अमिदाचेच, तिथे वेगळं-निराळं काही नसतं." बरोबरच होतं ते. पण मियोचं मडकं त्यात होतं का? पुरोहितांना सांगता येईना. काही मडकी फुटली, बाळांचं तसंही मातीच होऊन जातं. म्हणजे ती ढिगात असेल, किंवा इथेच, दोन हात पलीकडे. तो अंधार पडेपर्यंत नखांनी उकरत राहिला. रिकामं मडकं शेजारी. नुइ माहेरी रक्त थुंकत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. रुळांच्या दुरुस्तीसाठी कडेला खडीचा ढीग होता. त्यातला एक दगड त्याने उचलला. अंगठ्याएवढा, गंजाने तांबडा झालेला. मडक्यात ठेवला, वर माती भरली, झाकण बांधलं. हलवून बघितलं तर आवाज आला. अजून माती भरली. मग आला नाही.

नुइ बरी झाली की सांगायचं होतं. ती वसंतात बरी झाली आणि टेकडीवर गेली, नवा दगड बघून दोन्ही हातांनी त्याला कवटाळून बसली, तेव्हा सांगायचं राहिलं. मग दर वर्षी राहिलं.

बोट दाखवणं तेव्हापासूनचं. पहिल्या वर्षीच तपासनीसाने पकडलं. "हिबिनो, तिसऱ्या खांबाशी तू हात दाखवतोस, तिथे सिग्नल नाही की वळण नाही. काय आहे तिथे?" तो म्हणाला, "नवा रस्ता आहे साहेब, माणसं कुठूनही आडवी येतात." तपासनीसाला ते फार आवडलं. महिन्याभरात डेपोच्या फळ्यावर सूचना लागली, या मार्गावरच्या सर्व ड्रायव्हरांनी तिसऱ्या खांबाशी डावीकडे बोट दाखवून 'डावी बाजू ठीक' असं म्हणावं. शोकिचिला शाबासकीचा कागद मिळाला. आणि मग वीसएक वर्षं, दर चार मिनिटांनी, त्या मार्गावरचा प्रत्येक ड्रायव्हर, तरुण, म्हातारा, रागीट, भुकेला, पांढरा हातमोजा उचलून त्या जागेला म्हणत राहिला, ठीक. बागेत झाडं लागली, मनोरा उभा राहिला, संध्याकाळी जोडपी फिरायला येऊ लागली, रस्त्याचं कौतुक परगावची माणसं करू लागली. आणि कुणालाही ठाऊक नसताना एवढ्या हातांनी एका पोरीकडे बोट दाखवलं. यात त्याला एक सुख होतं. त्या सुखाची त्याला लाज वाटायची. त्या दोन्हींवर तो जगला. शेवटच्या दिवशी ट्रामला कागदी फुलांनी सजवलं, बँड वाजला, लोक रडले. तो सजवलेली गाडी घेऊन तिसऱ्या खांबापाशी आला तेव्हा त्याला एवढंच कळलं की उद्यापासून तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.

शुक्रवारी दुपारी नुइ त्याला देवळात घेऊन गेली. मिनो प्रांतातून म्हातारे प्रवचनकार आले होते, गाऊन सांगणारे. असे आता दोन-चारच उरले होते. नुइला त्यांचा फार लळा. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेलं, म्हणायची, ते उंच आसनावर बसून पंखा उघडतात ना, तेव्हाच माझे डोळे भरतात, बोलायची गरजच नाही. सभागृहात चटयांवर म्हाताऱ्या दाटीने बसल्या होत्या, मधे कोळशाच्या शेगड्या, ओल्या लोकरीचा आणि उदाचा वास. प्रवचनकार आधी गप्पा मारल्यासारखं बोलले, सांधेदुखीचं, सुनांचं, चहात पडलेल्या माशीचं, हसवलं. मग कुठे बोलणं संपलं आणि कुठे सूर लागला हे कळलंच नाही. ते नावेचं सांगत होते. पलीकडच्या तीराला नेणाऱ्या नावेचं.

"सगळे बसले का, नावाडी विचारतो. बसले, म्हणतात सगळे. निघायचं का? निघा, म्हणतात सगळे. आणि तो नावाडी वल्हं उचलत नाही. का रे बाबा? तर म्हणतो, वाळूवर एक जण मागे राहिलंय. बोलता येत नाही त्याला, हाक मारता येत नाही, रांगतं आहे नुकतं. तुम्ही निघा म्हणालात, पण मी त्याच्यासाठी निघत नाही. तुमची वेळ टळू दे, भरती टळू दे, सूर्य मावळू दे. ते येईपर्यंत ही नाव हलायची नाही, हलायची नाही..."

शेवटचा सूर वर चढला आणि तुटला. ती थांबायची जागा. तिथे ऐकणाऱ्यांनी नाम घ्यायचं असतं. "नामानदाबु, नामानदाबु," सगळं सभागृह पावसासारखं बोललं. नुइ डोळे मिटून, हात जोडून बोलत होती. गालावरून पाणी ओघळत होतं. शोकिचिने तोंड उघडलं. आयुष्यभर मन लागो न लागो ते नाम जिभेवर आपोआप आलं होतं. आता जीभ हलेना. घशात शब्द होता, पण तो नाम नव्हता. त्याचा हात गुडघ्यावरून उठला, तर्जनी ताठ झाली, आणि नाम ओसरल्यावरच्या त्या एवढ्या मोठ्या शांततेत तो खणखणीत, डेपोच्या आवाजात म्हणाला, "डावी बाजू..."

पुढचं आलं नाही. म्हाताऱ्या वळून बघू लागल्या. कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी "आजारातून उठलेत ते" असं कुजबुजलं. नुइने डोळे उघडले, त्याच्या वर उठलेल्या हाताकडे बघितलं, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन खाली मांडीवर ठेवला. रात्री जेवण तयार झालं तेव्हा तिने ताटलीवर काडी वाजवली नाही, नुसतं ताट पुढे सरकवलं.

रविवारी टेकडीवर वारा नव्हता. ऊन होतं, पातळ, उष्टं पडल्यासारखं. ओळीने कबरी, शहरातल्या गल्ल्यांसारख्याच, पण रुंद रस्ता नसलेल्या. तरुण पुरोहिताने मंत्र म्हटले, त्याला त्या दिवशी आणखी तीन घरं होती, तो माफी मागत घाईने गेला. दगडी झाकण शोकिचिने सरकवलं. आदल्या दिवशी तो इथे येऊन ते मडकं रिकामं करणार होता. दोन वेळा बसच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आला होता. रिकामं तरी काय म्हणून ठेवायचं?

नुइने मांडीवर पांढरं फडकं पसरलं. झाकणाची दोरी कुजली होती. माती कोरडी होऊन वडीसारखी बसली होती. तिने ती बोटाने, बाळाच्या नाकातलं काढावं तशी, थोडी थोडी काढली. मग तिचं बोट थांबलं. दगड निघाला. तिने तो पुसला, उन्हात धरला, नाकाशी नेला. सात महिने ट्रामच्या मागच्या पायरीवर उभी राहिलेली बाई. तो वास तिला सांगावा लागणार नव्हता.

"रुळाची खडी," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, तिच्याकडे न बघता, समोरच्या कबरीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत सांगितलं; ओचिआइचा ताप, ओझाकि, तीन खेपा, बेवारशांचा ढीग. सांगायला किती थोडा वेळ लागला. एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्याइतका.

नुइ म्हणाली, "बाजाराला जायचे तेव्हा सगळे तिथे हात दाखवायचे. सगळे 'ठीक' म्हणायचे. तुमच्या गाडीत बसले की तुमचे नुसते ओठ हलायचे. मला वाटलं, सांगतील कधीतरी." ती दगड फडक्यात फिरवत होती. "त्या दिवशी मला का नाही कळवलंत हो?"

"तू आजारी होतीस. रक्त पडत होतं."

"पडू दे की. आले असते. पहिल्या खेपेला चढले असते आणि मागून एक घंटा दिली असती." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "एका घंटेवर तुम्ही थांबलाच असता. का म्हणून विचारलंही नसतं."

तिने दगड मडक्यात परत ठेवला.

"क्योतोला न्यायचं..." तो म्हणाला.

"खडी न्यायची? आद्यगुरूंच्या पायाशी?" ती हसली. असं हसताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. "राहू द्या इथेच. अठ्ठावीस वर्षं धुतलंय मी त्याला. लावा ते झाकण."

परतीच्या बसमध्ये ती पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसली. तो आपसूक सगळ्यात मागे गेला. आता कंडक्टर नसतो. उतरणाऱ्याने खिडकीशेजारचं बटण दाबायचं, एक घंटा वाजते. बस टेकड्या उतरून रुंद रस्त्याला लागली. दुपार होती, सुटीची गर्दी होती, खरेदीच्या पिशव्या, फुगे, एकमेकींच्या टोप्या नीट करणाऱ्या मुली. पांढरे पत्रे दिसायला लागले तेव्हा घंटा वाजली. एकदाच. पुढे नुइचा हात बटणावर होता.

बस थांबली. ती उतरली. मागे वळून बघितलं नाही. तो उठायला गेला. मधल्या वाटेत माणसं खेटून उभी होती, एका बाईच्या कडेवर झोपलेलं मूल होतं, तिला बाजूला हो म्हणावं लागलं असतं. दार मिटायच्या बेतात होतं. थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांनी वळून बघितलं असतं. दार मिटलं, ड्रायव्हरने पांढरा हातमोजा उचलून आरशाकडे बोट दाखवलं, काहीतरी म्हटलं, आणि बस वेळेवर निघाली.

काचेतून ती दिसली. पत्र्यांसमोर उभी होती, हात जोडून. मग थोडी डावीकडे वळली. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. कुठे तोंड करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. तिसरा खांब होता तिथून दोन हात पलीकडे. त्याचा हात मांडीवर पडलेला होता, काढून टाकलेल्या हातमोज्यासारखा. तो बघत राहिला, आणि ती जागा डावीकडून मागे सरकत गेली.